अकराव्या भागाची रांग

मोरिओ हिबिनोच्या दुकानासमोर मी गेली चाळीस वर्षं बटाट्याचे कोरोक्के तळते आहे. माझी कढई आणि त्याचं दार यांच्यात फक्त रस्ता, आणि तोही बोळाएवढा. त्यामुळे त्याच्याकडे कोण शिरलं, कोण काही न घेता बाहेर पडलं, हे मला आपोआप कळतं. मी मुद्दाम बघत नाही. माझा नवरा म्हणतो, मुद्दामच बघतेस. बघत असेन, पण मग हे सांगायला दुसरं आहे कोण?

आम्ही दोघं एका शाळेत, एका वर्गात. म्हणून चौसष्टाव्या वर्षीही तो माझा मोरी-चान आणि मी त्याची तोशी-चान. त्याच्या वडलांचं दप्तरांचं आणि छत्र्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर मोरिओनं छत्र्या माळ्यावर टाकल्या आणि व्हिडिओ गेम आणून मांडले. सगळी आळी हसली. मीही हसले. दोन वर्षांत आमच्या ओगाकी गावातली निम्मी शाळकरी पोरं त्याच्या दारात पडीक असायची आणि त्यांना भूक लागली की समोर मी होतेच. म्हणजे हसायचं तोंड मला फार दिवस उरलं नाही.

मोरिओचा स्वभाव सांगायचा तर भिडस्त. त्याच्या तोंडून ‘नाही’ म्हणून निघत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, हा गेम चांगला आहे का, की हा म्हणणार, ‘एकदम छान!’ मग तो गेम त्यानं उघडूनही पाहिलेला नसला तरी. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवत नाही, एवढंच. बायको त्याला म्हणायची, ‘तुम्हाला कोणी हात कापून मागितला तर विचाराल, कागदात बांधून देऊ का.’ ती आता नागोयाला लेकीकडे असते, नातवाला सांभाळायला. रविवारी येते, दुकान झाडते, ओरडते आणि जाते.

त्याच्याकडे पडीक असणाऱ्या पोरांत एक होता, कालव्यापलीकडच्या न्हाव्याचा मुलगा, कुनिएदा. खिशात दमडी नाही, पण दुकानात नमुन्याला लावलेल्या यंत्रासमोर रोज संध्याकाळी हजर. दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं हाकललं असतं. मोरिओनं त्याला बसायला स्टूल दिलं. हा कुनिएदा पुढे टोकियोला गेला, गेम बनवायच्या कंपनीत लागला, आणि तिशीच्या आत त्यानं ‘वाऱ्याचा किल्ला’ केला. नावाड्याचं एक पोर होडी घेऊन निघतं आणि ढगातल्या किल्ल्यात कोंडलेल्या राजकन्येला सोडवून आणतं. मी काही खेळले नाही, पण गोष्ट मला तोंडपाठ आहे. समोर उभं राहून पोरं दुसरं काही बोलतच नव्हती.

पहिला भाग आला त्या सकाळी मोरिओच्या दारातली रांग माझ्या कढईवरून, पुलावरून, थेट देवळाच्या तोरी कमानीपर्यंत गेली होती. दहाच्या आत माझे बटाटे संपले. कुनिएदा स्वतः टोकियोहून आला होता. त्यानं दुकानासमोर उभं राहून खेळाचा पहिला डबा रांगेतल्या पहिल्या पोराला दोन्ही हातांनी, कमरेत वाकून दिला. तेव्हापासून ती रीतच पडली. नवा भाग आला की विक्रीच्या पहिल्या सकाळी कुनिएदा आमच्या बोळात येणार आणि पहिला डबा आपल्या हातानं देणार. टोकियोत मोठमोठ्या दुकानांत मंच घालून, दिवे लावून सोहळे व्हायचे. तिथे तो दुसऱ्यांना पाठवायचा. त्यासाठी मोरिओही आगाऊ नोंदणी घेत नसे. ‘आपल्याकडे रांग,’ म्हणायचा. ‘आधी येईल त्याला आधी.’

पण भाग किती काढायचे, याला काही धरबंध? दुसरा, तिसरा, चौथा. कंपनीला गाय दूध देतेय तोवर पिळायची होती. पाचव्यात राजकन्येची बहीण निघाली. सहाव्यात तीही पळवली गेली. आठव्यात म्हणे नावाड्याच्या पोराचं पोर निघालं, आणि होडी तीच. रांग दर वेळी आखडत गेली. आधी देवळापासून पुलापर्यंत, मग पुलावरून माझ्या कढईपर्यंत. दहाव्याला मोरिओच्या छपराखाली मावली. आठवडाभरात त्यातलेच निम्मेजण डबा परत विकायला आले. मोरिओ भिडस्त, त्यानं सगळे घेतले. दहाव्या भागाचे डबे त्याच्या जुन्या मालाच्या फळीवर अजून उभे आहेत. सडलेल्या मुळ्यालासुद्धा खताचा भाव येतो, यांना तोही नाही.

आणि मग हा अकरावा. तो फक्त नव्या कन्सोलवर चालणार, जुन्यावर चालणारच नाही. खेळ हवा असेल तर आधी यंत्र घ्या. ज्यांनी कालपरवा जुनं यंत्र घेतलं होतं ते मोरिओच्या तोंडावर हसले.

‘पुन्हा राजकन्येला पळवली का हो?’ तांदूळवाल्याच्या मुलानं विचारलं. हा स्वतः पहिल्या रांगेत शाळेचा गणवेश घालून उभा होता. आता त्याच्या डोक्यावर केस कमी आणि कर्ज जास्त.

‘यंदा ती स्वतःच जाते,’ मोरिओ म्हणाला. ‘फार छान केलाय.’

‘मग जाऊ दे ना तिला. दर वेळी आपण कशाला मागे धावायचं?’ तो म्हणाला आणि प्रिंटरच्या शाईचं एक नळकांडं घेऊन गेला.

जुलै लागला. विक्रीच्या आधी दहाएक दिवस दुपारी मोरिओ माझ्याकडे आला तो घामाघूम. आमच्याकडे उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्यात मांजू, म्हणजे गोड सारणाचे मऊ गोळे, थंड करायला ठेवतात, त्यातले दोन मी त्याच्यापुढे ठेवले. त्यानं हात लावला नाही.

‘कुनिएदाचा फोन होता,’ तो म्हणाला.

‘मग?’

‘कंपनी यंदा डोळे लावून बसलीय. हा नाही चालला तर बारावा नाही. त्यालाही बहुतेक कुठेतरी कोपऱ्यात बसवतील. मला विचारत होता, आपल्याकडे किती येतील.’

‘आणि तू काय सांगितलंस?’

मोरिओ मांजूकडे बघत बसला.

‘मोरी-चान, काय सांगितलंस?’

‘नेहमीसारखे.’

‘नेहमीसारखे म्हणजे पहिल्यासारखे की दहाव्यासारखे?’

‘मी नेहमीसारखे म्हटलं. तो म्हणाला, मग मी नक्की येतो. त्याचा आवाज एकदम बदलला, तोशी-चान. आठवीतला पोरगा बोलतोय असं वाटलं मला. आता त्याला काय सांगू? कोणी विचारायलासुद्धा आलेलं नाही. कंपनीनं बारा यंत्रं पाठवलीत. कोणीच आलं नाही तर मी रांगेत काय उभं करू, छत्र्या?’

मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो देवळाच्या अंगणात गेला. तिथे रोज रेडिओवरच्या आवाजावर आळीतले म्हातारे व्यायाम करतात. सगळ्यांत पुढे मिझोगुची-सान. एक्याऐंशी वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त, अजून हात वर केला की खांद्यात कट्ट वाजतं. व्यायाम संपल्यावर मोरिओनं सगळ्यांपुढे मान तुकवली आणि सांगितलं, की अमुक दिवशी सकाळी माझ्या दारात जरा रांगेत उभं राहायला याल का. कुनिएदा येईल, रांग बघेल, मी त्याला आत चहाला नेईन, मग तुम्ही आपापल्या घरी जा.

‘काय घ्यायचं आहे?’ मिझोगुची-साननी विचारलं.

‘काही नाही. नुसतं उभं राहायचं.’

‘मग जमेल,’ मिझोगुची-सान म्हणाले. ‘तेवढंच तर आता जमतं.’

मला हे तांदूळवाल्याकडून कळलं. मी तेल तसंच सोडून रस्ता ओलांडला.

‘मोरी-चान, त्या पोराला शेंडी लावणार तू?’

‘शेंडी कसली? एक सकाळ. त्याला बरं वाटेल. कोणाचं काय जातंय?’

‘त्याला कळलं तर?’

‘त्याला कसं कळेल? मी त्याला लगेच आत नेणार.’

‘मी नाही उभी राहणार,’ मी म्हटलं.

‘तू समोर असतेसच की,’ तो म्हणाला.

तो दिवस उजाडला. मी सात वाजता फळी उघडते तर समोर रांग तयार! तीसेक जण. कोणी उन्हाची टोपी घातलेली, कोणी नातवाचा चित्राचा सदरा. दोघीतिघींनी बसायला फुलांच्या उशा आणल्या होत्या. मिझोगुची-सान पहिले, एकदम सावधान उभे. अर्ध्या तासानं कोणाचे तरी पाय आखडले आणि मग सगळी रांग हात वर-खाली करून व्यायाम करायला लागली. मोरिओ काउंटरमागून दोन्ही हात हलवून ‘नको, नको’ सांगत होता. त्यांना वाटलं तोही व्यायामच करतोय. मी चुलीमागे वाकून हसले. आज ते हसू आठवलं की तोंड कडू होतं.

साडेआठच्या सुमारास एक बाई बोळाच्या तोंडाशी आली. पस्तीस-अडतीसची, कामाचे कपडे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीला पितळेची एक छोटी शिट्टी लटकत होती. तिनं रांग पाहिली आणि थबकली. बोट न दाखवता डोळ्यांनीच माणसं मोजली. मग दारावरची पाटी वाचली, मोरिओनंच लिहिलेली, की यंत्रं बारा आहेत, आधी येईल त्याला आधी. तिनं रांगेकडे तोंड करून हलकीशी मान लववली, आपण देवळापुढे लववतो तशी, आणि माघारी गेली. मला वाटलं, वाट चुकली असेल. मी कोरोक्के उलटत राहिले. तिथेच तिला हाक मारली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

पावणेनऊला कुनिएदा आला, तो जवळजवळ धावत. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, केस पांढरे, हातात कोट. चेहरा मात्र असा फुललेला की मी त्याला क्षणभर न्हाव्याचा पोरगाच समजले.

‘हिबिनो-सान!’ तो रस्त्यातूनच ओरडला. ‘लोक परत जातायत हो!’

मोरिओ बाहेर आला. ‘परत?’

‘आत्ता स्टेशनकडून येताना सिग्नलपाशी एक बाई भेटली. पिशवीला आपल्या तिसऱ्या भागाबरोबर दिलेली शिट्टी! मी विचारलं, मिळाला का. म्हणाली, नाही हो, रांग फार मोठी आहे, बाराच आहेत आणि पुढे तीस जण. तारुईहून आलेली. अर्ध्या दिवसाची रजा काढून! मी म्हटलं, वाईट वाटलं असेल. तर म्हणाली, छे! इतकी वर्षं मला वाटत होतं की हा खेळ खेळणारी आता मीच एक उरले. रांग बघून इतका आनंद झाला की परत जायचं काही वाटत नाही. साडेनऊच्या गाडीनं जाते, दुपारच्या पाळीला हजर होते.’ कुनिएदानं डोळे पुसले. ‘मी कोण ते मी तिला सांगितलं नाही.’

मोरिओच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी रस्त्यापलीकडून पाहिलं. गेल्या दहा दिवसांत आलेलं एकुलतं एक खरं गिऱ्हाईक त्याच्या खोट्या रांगेनं परत पाठवलं होतं.

‘चहा,’ मोरिओ कसाबसा म्हणाला. ‘आत चला, चहा घेऊ.’

‘चहा कसला आता! उन्हात एवढी वडीलधारी माणसं उभी आहेत.’ कुनिएदा रांगेकडे वळला आणि कमरेत वाकला. ‘आज पहिलाच नव्हे, सगळे डबे मी माझ्या हातानं देणार.’

मोरिओ पुढे झाला, पण कुनिएदानं दारातल्या टेबलावरचा डबा उचललाही होता. दोन्ही हातांनी तो मिझोगुची-सानपुढे धरला.

आता मिझोगुची-सानना कोणी सांगितलेलंच नव्हतं की पुढे काय करायचं. उभं राहायचं एवढंच ठरलं होतं. त्यांनी मोरिओकडे पाहिलं. मोरिओ खांबासारखा. मग त्यांनी आपल्या परीनं जे योग्य वाटलं ते केलं. डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत नेला आणि अगदी हळू टेबलावर परत ठेवला. मग कुनिएदापुढे वाकून म्हणाले, ‘इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत. आता विश्रांती घ्या.’ आणि उजवीकडून वळून रिकाम्या हातानं निघून गेले.

आमच्याकडे मयताला धूप वाहायची रांग असते. कुठल्या पंथात किती चिमट्या वाहायच्या हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येकजण पुढचा काय करतो ते बघतो आणि तस्संच करतो. म्हाताऱ्यांची सगळी हयात त्यात गेलेली. मिझोगुची-सानच्या मागच्या आजींनी डबा घेतला, कपाळाला लावला, परत ठेवला, वाकल्या. ‘इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत. आता विश्रांती घ्या.’ उजवीकडून बाहेर. त्यांच्या मागच्यानंही तेच, आणि त्यांच्याही मागच्यानं.

तिसऱ्याला कुनिएदाच्या लक्षात आलं. मला समोरून दिसलं ते. त्याचे हात डब्यावर क्षणभर थांबले, त्यानं रांगेवरून नजर फिरवली, त्या उशा पाहिल्या, नातवाचे सदरे पाहिले, आणि शेवटी मोरिओकडे पाहिलं. मोरिओनं डोळे खाली घातले. मला वाटलं, आता हा डबा आपटतो आणि चालता होतो. मी असते तर आपटला असता.

पण त्यानं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर ती म्हातारी माणसं भर रस्त्यात उघडी पडली असती. तो एकच डबा त्यानं पुन्हा उचलला, पुन्हा दोन्ही हातांनी पुढे केला, पुन्हा वाकला. तीस वेळा. आणि तीस माणसांनी त्याला अगदी मनापासून सांगितलं, की आता विश्रांती घ्या. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. सकाळी लवकर उठून आलेल्या माणसांचे ते चांगले शब्द होते. माझी तर मान वर होईना. तेलात कोरोक्के जळले, त्याचा वास आळीभर झाला तेव्हा मी गॅस बंद केला.

शेवटच्या आजी वाकून गेल्या आणि बोळ रिकामा झाला. टेबलावर एक डबा, मागे बारा यंत्रं जशीच्या तशी.

‘कुनिएदा-सान,’ मोरिओ म्हणाला.

कुनिएदा घड्याळाकडे बघून म्हणाला, ‘साडेनऊची गाडी अजून गेली नसेल.’

‘काय?’

‘ती बाई, हिबिनो-सान. तिला हवा होता.’

मोरिओनं एक यंत्र आणि तो टेबलावरचा डबा उचलला आणि दुकानातल्या चपलांवरच रस्त्यावर आला. त्याचा गुडघा गेलेला, धावता येत नाही. मी माझ्या सामानाच्या गाडीची किल्ली घेतली आणि त्याला आत कोंबलं. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण मांडीवरचं खोकं तो ज्या तऱ्हेनं धरून बसला होता ते बघून मी गाडीच चालवली.

ती फलाटावरच्या बाकावर बसून भाताचा गोळा खात होती. पिशवीच्या शिट्टीवरून मी ओळखलं. मोरिओ तिच्यापुढे जाऊन वाकला.

‘मी हिबिनो. त्या गेमच्या दुकानाचा. हे तुमचं आहे.’

ती गडबडून उभी राहिली. हातात भात तसाच. ‘माझं? मी तर नंबरसुद्धा लावला नव्हता.’

‘उरलंय.’

‘उरेल कसं?’ ती हसली. ‘बारा होते आणि माझ्या पुढे तीसजण. नाही हो, असं करू नका. ती आजोबा मंडळी केव्हापासून उन्हात उभी होती. त्यांना टाकून मी मधेच कशी घेऊ? पुढच्या खेपेला माल येईल तेव्हा येईन मी. खरंच.’

‘घ्या हो,’ मोरिओ म्हणाला. ‘कृपा करून घ्या.’

‘रांग म्हणजे रांग,’ ती म्हणाली. अगदी नम्रपणे, पण ती ऐकणार नव्हती हे दिसत होतं. गाडी येत असल्याची घोषणा झाली.

आयुष्यभर ज्या माणसाला समोरच्याचा चेहरा पडलेला बघवला नाही, त्याच्यापुढे आता दोनच वाटा होत्या: तिला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं, नाहीतर खरं सांगायचं. मोरिओनं खोकं बाकावर ठेवलं, हात मांड्यांना लावले आणि कमरेतून पार वाकला.

‘ती रांग खोटी होती,’ तो जमिनीकडे बघत म्हणाला. ‘मी उभी केली होती. आळीतली माणसं. त्यांच्यातलं कोणी खेळत नाही. कुनिएदा-सानना वाईट वाटू नये म्हणून केलं. चूक माझी आहे. मला फार लाज वाटते.’

गाडी आली, दारं उघडली, माणसं उतरली, चढली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, हे खोटं आहे असं मी म्हणेन या आशेनं असावं. खरं आहे, अशी मी मान हलवली.

‘सगळेच?’ तिनं विचारलं.

‘सगळेच.’

‘म्हणजे मी एकटीच होते.’

मोरिओचं डोकं आणखी खाली गेलं. गाडी निघून गेली. ती बाकावर बसली, हातातला भाताचा गोळा कागदात नीट गुंडाळून तिनं पिशवीत ठेवला. मग विचारलं, ‘सिग्नलपाशी मला एक गृहस्थ भेटले होते. माझं ऐकून ते फार खूश झाले. तेच का कुनिएदा-सान?’

‘हो.’

‘त्यांना ठाऊक आहे? रांगेचं?’

‘आता कळलंय.’

तिनं पैसे काढून त्याच्या हातात ठेवले आणि खोकं मांडीवर ओढून घेतलं. ‘मग मला कळलंय हे त्यांना सांगू नका. रांगेतल्या एकानं नंबर सोडला आणि म्हणून मला मिळालं, असं सांगा. मी अजून तीसजणांच्या मागेच आहे, असं त्यांना वाटू दे.’

‘पण ते...’

‘एवढं कराल ना?’

मोरिओनं हो म्हटलं. नाही म्हणणं त्याला कधी आलंच नाही.

आम्ही परतलो तेव्हा कुनिएदा दुकानाच्या पायरीवर बसला होता, कोट मांडीवर घेऊन. आम्हाला बघून उठला.

‘भेटली?’

‘भेटली. घेतलं तिनं.’

‘तिला सांगितलंत?’

मोरिओनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी माझ्या जळक्या कढईकडे पाहिलं.

‘नाही,’ मोरिओ म्हणाला. ‘एकानं नंबर सोडला म्हणून सांगितलं.’

‘बरं केलंत.’ कुनिएदानं सुस्कारा टाकला. ‘तिला कधी कळू देऊ नका. आपल्यासारखे पुष्कळजण आहेत असं तिला वाटतंय, ते तसंच राहू दे. मला कळलं ते ठीक. मला कळायलाच हवं होतं.’ त्यानं कोट अंगात चढवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मोरिओला सोपं गेलं असतं. ‘बारावा काढू देतील असं वाटत नाही. पण निघालाच, तर मी येईन, हिबिनो-सान. रांग लावू नका. ती एकटी आली तरी मी येईन.’

तो वाकला, माझ्याकडे वळूनही वाकला आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागला.

पाहुणा दिसेनासा होईपर्यंत आपण वाकून राहतो, तसा मोरिओ दारात वाकून राहिला. कुनिएदा पुलावर पोचला, कोपऱ्यावर वळला, गेला. मी कढई घासायला घेतली. घासून झाली, तेल बदललं, मान वर केली तरी मोरिओ तसाच होता, चढतं ऊन पाठीवर घेऊन. रस्त्यानं जाणारी माणसं वळसा घालून जात होती. शेवटी मी रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेले.

‘गेला तो, मोरी-चान,’ मी म्हटलं. ‘केव्हाच गेला. सरळ हो आता.’

‘अजून नको,’ तो खालूनच म्हणाला.